बालाघाटचा उन्हाळा आणि घरचा कॉम्प्युटर : ओव्हरक्लॉकिंग करताना प्रोसेसरची उष्णता कशी सांभाळावी



आपल्या मंडळातील बऱ्याच घरांमध्ये आता एकतरी डेस्कटॉप कॉम्प्युटर आहे. कुठे मुलांच्या अभ्यासासाठी, कुठे दुकानाच्या हिशेबासाठी, कुठे लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करण्यासाठी. कॉलेजात जाणारी मुले नागपूरच्या सीताबर्डीतून सुटे भाग आणून स्वतःच मशीन जोडतात. मग एक दिवस मुलगा किंवा मुलगी सांगते, "बाबा, मी ओव्हरक्लॉक करणार आहे." बाबा विचारतात, "म्हणजे काय? आणि जळणार तर नाही ना?"

प्रश्न रास्त आहे. घरात मशीन एकच असते आणि त्यावर सगळ्यांचे काम चालते. इंटरनेटवर मिळणाऱ्या सूचना बहुधा अशा गावांतल्या असतात जिथे खोलीचे तापमान वर्षभर २०-२२ अंश राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो आणि स्लॅबखालची खोली रात्री दहा वाजताही तापलेलीच असते. म्हणून तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ते आपल्या हवेला कसे जुळवून घ्यायचे, एवढेच या लेखात समजावून घेऊ.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसर ठरलेल्या ठोक्यावर काम करतो. एका सेकंदाला किती ठोके पडतात ते गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. कंपनी प्रत्येक प्रोसेसर विकताना थोडी राखीव जागा ठेवते, कारण तो कुठल्याही हवेत, साध्या पंख्यावरही चालला पाहिजे. ही राखीव जागा वापरून ठोका वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

हा शौक जुना आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला. तो ३०० मेगाहर्ट्झचा होता, पण बोर्डावरची बसची गती ६६ वरून १०० केली की तोच ४५० वर चालायचा. दीडपट वेग, तोही फुकटात. तेव्हापासून तरुण मंडळींना याची गोडी लागली.

आजची परिस्थिती थोडी वेगळी आहे. २००८ पासूनचे इंटेलचे आणि नंतरचे एएमडीचे प्रोसेसर गरजेप्रमाणे स्वतःच ठोका वाढवतात. याला बूस्ट म्हणतात. म्हणजे कंपनीने राखीव जागेचा मोठा भाग आधीच वापरून टाकला आहे. हाताने ओव्हरक्लॉक करून आता फार तर थोडे टक्के वेग मिळतो. शिवाय सगळ्याच प्रोसेसरना ते करता येत नाही. इंटेलमध्ये साधारणपणे नावाच्या शेवटी 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या रायझनमध्ये बहुतेक प्रोसेसर खुले असतात, काही मोजके सोडून. खरेदी करण्याआधी हे पाहून घ्यावे. मागून कळले तर पैसे वाया गेलेले असतात.

उष्णता येते कुठून?

प्रोसेसरमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. प्रत्येक ठोक्याला त्यांतले कित्येक उघडतात आणि बंद होतात, आणि दर वेळी थोडी वीज खर्च होते. ही सगळी वीज शेवटी उष्णतेतच बदलते. १२० वॉट वीज खाणारा प्रोसेसर म्हणजे १२० वॉटचा हीटरच म्हणा.

किती उष्णता होणार याचा एक साधा नियम आहे. ठोका वाढवला की वीजवापर त्याच प्रमाणात वाढतो. व्होल्टेज वाढवले तर मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मेख इथेच आहे. ठोका वाढवल्यावर मशीन डळमळीत होते, म्हणून मुले व्होल्टेजही वाढवतात. समजा ठोका १० टक्के वाढवला आणि व्होल्टेजही १० टक्के. तर हिशेब असा : १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे १.३३. वेग वाढला फार तर १० टक्के, उष्णता वाढली ३३ टक्के. १२० वॉटचा प्रोसेसर १६० वॉटवर गेला.

त्यात ही उष्णता अगदी छोट्या जागेतून बाहेर पडते. घरातल्या इस्त्रीशी तुलना करून पाहा. १००० वॉटची इस्त्री, तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॉट. प्रोसेसरच्या आतली चिप दीड चौरस सेंटिमीटरची धरली आणि १२० वॉट धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला ८० वॉट होतात. इस्त्रीच्या सोळापट. इस्त्री तापावी म्हणून बनवलेली असते. चिप मात्र १०० अंशांच्या आत राहिली पाहिजे.

मोठ्या कंपन्याही याच भिंतीला धडकल्या आहेत. इंटेलचा पेंटियम ४ सन २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला आणि तिथेच थांबला. पुढचा, आणखी वेगवान प्रोसेसर उष्णता आणि वीजवापर यांमुळे त्याच वर्षी रद्द करावा लागला. त्यानंतरच एका प्रोसेसरमध्ये दोन, चार, आठ कोअर घालण्याचा मार्ग रूढ झाला.

चिपपासून खिडकीपर्यंतचा प्रवास

उष्णता नाहीशी होत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. चिपमधून धातूच्या झाकणात, झाकणातून पेस्टमध्ये, पेस्टमधून हीटसिंकमध्ये, हीटसिंकमधून कॅबिनेटच्या हवेत, तिथून खोलीत आणि खोलीतून खिडकीबाहेर. या साखळीतली एक कडी जरी कच्ची राहिली, तरी बाकीच्यांवर केलेला खर्च वाया जातो.

पहिली महत्त्वाची कडी म्हणजे थर्मल पेस्ट. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत बारीक खळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णता जवळजवळ वाहून नेत नाही. पेस्टचे काम एवढेच, की त्या खळग्यांतली हवा हटवावी. म्हणून पेस्ट जास्त लावून फायदा नाही. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली असली तरी तांब्यापुढे काहीच नाही. नेहमीच्या आकाराच्या प्रोसेसरला मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. वरून हीटसिंक दाबला की तो आपोआप पसरतो. जुनी पेस्ट वाळून तिची भुकटी झाली असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसून नवी लावावी. आपल्या हवेत दोन-तीन वर्षांनी एकदा तपासलेले बरे.

पुढची कडी तांब्याची. आणि तांबे म्हटले की आपल्या जिल्ह्याचे नाव घ्यावेच लागते. बैहरच्या पुढे असलेली मलाजखंडची खाण हिंदुस्थान कॉपर लिमिटेडने १९८२ पासून चालवली आहे आणि ती देशातल्या सर्वांत मोठ्या तांब्याच्या खाणींपैकी आहे. आपल्यापैकी काहींच्या घरातली माणसे तिथे नोकरीला होती किंवा आहेत. त्याच तांब्याला कॉम्प्युटरमध्ये इतका मान का? कारण उष्णता वाहून नेण्यात ते ॲल्युमिनियमच्या जवळजवळ पावणेदोनपट सरस आहे. स्वयंपाकघरात तांब्याचा तळ असलेली पातेली सगळीकडे सारखी तापतात, तेच कारण इथेही. चांगल्या कूलरमध्ये चिपला टेकणारा भाग आणि नळ्या तांब्याच्या असतात. वरच्या पातळ पात्या ॲल्युमिनियमच्या असतात, कारण तिथे वजन आणि किंमत कमी ठेवायची असते. प्रोसेसरसोबत फुकट येणारा छोटा पंखा बहुधा पूर्ण ॲल्युमिनियमचा असतो, किंवा मध्ये तांब्याचा एक लहान गोळा असतो. तो नेहमीच्या वापराला पुरतो, ओव्हरक्लॉकिंगला पुरत नाही.

त्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आतून हवा काढून टाकलेली असते आणि थोडेसे पाणी असते. चिपच्या बाजूला पाण्याची वाफ होते, वाफ पात्यांच्या बाजूला जाऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या जाळीतून परत खाली येते. ना पंप, ना वीज. माठातले पाणी गार होते ते याच तत्त्वावर : वाफ होताना पाणी उष्णता घेऊन जाते. फरक एवढाच, की माठाची वाफ हवेत निघून जाते आणि नळीतली आतच फिरत राहते.

पाण्यावर चालणारे कूलरही मिळतात. त्यांत पंप असतो, रबरी नळ्या असतात आणि रेडिएटर असतो. ते उष्णता चिपपासून लांब नेतात आणि मोठ्या जागेत पसरवतात. फार उष्णता असेल तर उपयोगी. पण पंप हा आणखी एक बिघडू शकणारा भाग असतो. बालाघाटात तो बिघडला तर बदली मिळेपर्यंत मशीन बंद. एअर कूलरमध्ये बिघडला तर पंखाच बिघडतो, आणि तो गोंदियाला किंवा नागपूरला सहज मिळतो.

खूप मोठ्या मशीनला मात्र पाण्याशिवाय गत नसते. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा भारताचा पहिला सुपरकॉम्प्युटर तयार केला. त्याच परम मालिकेतला परम ब्रह्मा पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात पाणी थेट प्रोसेसरजवळ नेऊन उष्णता उचलण्याची व्यवस्था आहे. भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याच बाजूचे.

बालाघाटचे गणित

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हीटसिंक असो, पंखा असो की पाण्याचा रेडिएटर, यांपैकी कशानेही प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा गार होत नाही. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. आपल्याला अंगावरच्या घामामुळे गार वाटते. प्रोसेसरला घाम येत नाही.

म्हणून प्रोसेसरचे तापमान असे मोजावे : खोलीचे तापमान अधिक प्रोसेसरने स्वतः केलेली वाढ. ही वाढ वॉटवर आणि कूलरच्या ताकदीवर ठरते. एक उदाहरण घेऊ. समजा कूलर असा आहे, की दर वॉटला ०.३५ अंश वाढ होते.

साधे मशीन, १२० वॉट : वाढ ४२ अंश. जानेवारीत खोली २० अंश असेल तर प्रोसेसर ६२. मे महिन्यात नुसत्या पंख्याखालची खोली ४० असेल तर ८२. दोन्ही चालण्यासारखे.

ओव्हरक्लॉक केलेले मशीन, १६० वॉट : वाढ ५६ अंश. जानेवारीत ७६, म्हणजे ठीक. मे महिन्यात ९६.

९६ ला काय होते? इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, रायझन ७००० मालिकेची ९५. मर्यादेजवळ पोहोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी ठोका कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे वेग वाढावा म्हणून सगळा खटाटोप केला आणि ऐन परीक्षेच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत मशीन आधीपेक्षा हळू चालू लागले. त्याहूनही गरम झाले तर ते अचानक बंद पडते, आणि सेव्ह न केलेले काम जाते.

यातून आपल्यासाठी एक सोपा नियम निघतो. हिवाळ्यात चाचणी केली असेल, तर हिवाळ्यातली आणि मे महिन्यातली खोली यांच्या तापमानातला फरक जसाच्या तसा प्रोसेसरच्या आकड्यात मिळवा. जानेवारीत खोली २० असताना पूर्ण भारावर ७२ दिसले आणि मे महिन्यात खोली ४० होत असेल, तर मे चा आकडा ९२ धरा. ८५ च्या वर जात असेल, तर ती सेटिंग फक्त हिवाळ्याची समजा.

चांगल्या कूलरने फरक पडतो, पण किती ते याच गणितातून कळते. दर वॉटला ०.२५ अंश वाढ होणारा कूलर घेतला, तर १६० वॉटला वाढ ४० अंश. मे महिन्यात ८०. म्हणजे बालाघाटात ओव्हरक्लॉकिंग अशक्य नाही. पण आधी कूलरवर पैसे, मग ठोक्यावर हात, हा क्रम उलटा करू नये.

खोलीतला डेझर्ट कूलर : मित्र की शत्रू?

आपल्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. आजी-आजोबांच्या काळात वाळ्याच्या ताट्या होत्या, आता वुडवूलचे किंवा हनीकोंब पॅडचे कूलर आहेत. तत्त्व एकच. मे महिन्यातली हवा कोरडी असते, म्हणून पाण्याची भराभर वाफ होते आणि हवा गार होते. ४४ अंशांची, फक्त १५ टक्के ओलावा असलेली हवा चांगल्या कूलरमधून २८-३० अंशांपर्यंत येऊ शकते. वरच्या उदाहरणात खोली ४० ऐवजी ३० झाली तर प्रोसेसरही सरळ १० अंशांनी उतरतो. हजारो रुपयांचा प्रोसेसर कूलर बदलून जेवढा फायदा होईल, जवळजवळ तेवढा.

पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

एक, कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये. तिच्यात पाण्याचे बारीक तुषार असू शकतात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते पात्यांवर आणि बोर्डावर पांढरे बसतात. कॅबिनेट कूलरच्या झोतापासून बाजूला ठेवावे.

दोन, समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. खोली बंद केली तर ओलावा वाढत जातो आणि कूलर गार करेनासा होतो. त्यात कॉम्प्युटरची उष्णताही अडकते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. गेम खेळताना ३०० वॉट घेणारे मशीन म्हणजे खोलीत आणखी तीन पाहुणे बसल्यासारखे.

तीन, लाइट गेली की कूलर बंद होतो, पण यूपीएसवर मशीन चालूच असते. अशा वेळी जड काम थांबवावे.

पावसाळ्यात गणित बदलते. हवा ३० अंशांची असली तरी ओलाव्याने भरलेली असते, पाण्याची वाफच होत नाही आणि कूलर गारवा देत नाही. तेव्हा साधा पंखा आणि उघडी खिडकीच बरी. काही मुले पाण्याच्या कूलिंगमध्ये बर्फ टाकण्याचा प्रयोग करतात. आपल्या पावसाळ्यात तो मुळीच करू नये. ३० अंश आणि ८० टक्के ओलावा असताना २६ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरते. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटते, तेच मदरबोर्डावर होईल. एसी असलेल्या खोलीत ही भीती नाही, कारण तिथे हवा कोरडी होते आणि चिप नेहमी हवेपेक्षा गरमच असते.

धूळ : खरी वैरी

आपला जिल्हा धानाचा. चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळाले, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण मळणीच्या दिवसांत उडणारी धूळ आणि राइस मिलचा कोंडा घराघरात शिरतो. भरवेलीकडच्या रस्त्यांवरची धूळ वेगळीच. हीटसिंकच्या पात्यांमधली फट एक-दोन मिलिमीटरची असते. तिथे धुळीची गादी बसली की पंखा कितीही फिरो, हवा आत जातच नाही.

म्हणून वर्षातून दोनदा सफाई ठरवून टाका. एकदा दसरा-दिवाळीच्या साफसफाईत आणि एकदा होळीच्या आसपास, उन्हाळा चढण्याआधी. मशीन बंद करून प्लग काढावा, कॅबिनेट अंगणात किंवा गच्चीवर न्यावे, धातूच्या भागाला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी आणि ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर ती गरगर फिरून बेअरिंग खराब होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नये. त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते.

कॅबिनेटची जागाही महत्त्वाची. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. चालू असताना त्यावर शिवलेले कव्हर किंवा क्रोशाचा रुमाल घालू नये. जमिनीवर ठेवण्यापेक्षा छोट्या स्टुलावर ठेवले तर धूळ कमी जाते. पुढून हवा आत आणि मागून-वरून बाहेर अशी दिशा असावी. आत येणाऱ्या पंख्यांना जाळी असावी आणि ती महिन्यातून एकदा धुवावी. बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावण्याचा उपाय अनेक घरांत चालतो. त्याने तापमान उतरते हे खरे, पण धूळ दुप्पट येते आणि पाल किंवा झुरळ आत शिरले तर शॉर्ट सर्किटची भीती. चार दिवसांची सोय म्हणून ठीक, कायमची नको.

करायचेच असेल, तर असे करा

१. आधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. डळमळीत ओव्हरक्लॉकने फाइल्स गुपचूप खराब होऊ शकतात. मशीन बंद पडलेच पाहिजे असे नाही.

२. काही न बदलता आजची स्थिती मोजा. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखे मोफत प्रोग्रॅम तापमान दाखवतात. सिनेबेंच अर्धा तास चालवून सर्वांत जास्त आकडा वहीत लिहा. शेजारी खोलीचे तापमानही लिहा. त्याशिवाय पहिल्या आकड्याला अर्थ नाही.

३. साफसफाई आणि नवी पेस्ट करून पुन्हा मोजा. पुष्कळदा इथेच इतका फरक पडतो, की पुढे जायची गरज राहत नाही.

४. बायोसमध्ये ठोका एका वेळी १०० मेगाहर्ट्झनेच वाढवा. व्होल्टेजला हात लावू नका. दर पायरीनंतर अर्धा तास चाचणी घ्या.

५. मशीन अडकले, निळी स्क्रीन आली किंवा मे महिन्याच्या हिशेबाने आकडा ८५ च्या वर गेला, की एक पायरी मागे या. तीच तुमची मर्यादा.

६. बायोसमध्ये सेटिंग दोन नावांनी जतन करा, एक हिवाळ्याची आणि एक उन्हाळ्याची. मार्चमध्ये उन्हाळ्याची लावा, दिवाळीनंतर हिवाळ्याची. घरातल्या रजया आणि कूलर आपण ऋतूप्रमाणे काढतो-ठेवतो, तसेच हे.

व्होल्टेजबद्दल इतका आग्रह का? २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे अनेक महागडे प्रोसेसर ग्राहकांनी काहीही न करता डळमळीत होऊ लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत राहिल्याने ते आतून झिजत होते. कंपनीला ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्तीचा कोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. जास्त व्होल्टेजने झालेली झीज परत भरून येत नाही. आणि स्वतः ओव्हरक्लॉक करून झालेले नुकसान कंपन्यांच्या नेहमीच्या वॉरंटीत धरले जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

उलटा मार्ग : व्होल्टेज कमी करणे

आमच्या मते बालाघाटसारख्या गरम गावासाठी हा मार्ग जास्त शहाणपणाचा. कंपनी सगळ्या प्रोसेसरना पुरेल असे व्होल्टेज ठेवते. आपल्या हातातल्या प्रोसेसरला बहुधा त्याहून थोडे कमी पुरते. ते थोडे थोडे कमी करत गेले तर ठोका तोच राहतो आणि उष्णता उतरते. वर्गाचा नियम इथे आपल्या बाजूने काम करतो : व्होल्टेज ५ टक्के कमी केले तर उष्णता जवळजवळ १० टक्के कमी. १२० वॉटचे १०८. प्रोसेसर गार राहिला की त्याचा बूस्टही जास्त वेळ टिकतो. म्हणजे कमी व्होल्टेजवर मशीन कधीकधी वेगवानच होते. काही मदरबोर्डांवर आणि प्रोसेसरवर ही सोय बंद केलेली असते, ते आधी पाहावे. चाचणीची पद्धत वरचीच.

लॅपटॉपवाल्यांनी ओव्हरक्लॉकिंगचा विचार करू नये. त्यात जागाच नसते. गादीवर न ठेवता पाटावर किंवा स्टँडवर ठेवणे आणि पंखा साफ ठेवणे, एवढे पुरे.

विजेची बाजू

घरातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच झेलतो. ओव्हरक्लॉक केलेले मशीन, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून त्यावर गेले, तर लाइट जाताच यूपीएसही बसतो आणि मशीन धाडकन बंद होते. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज खाली येते तेव्हा स्वस्त एसएमपीएसवर ताण पडतो. म्हणून चांगल्या कंपनीचा एसएमपीएस आणि नीट अर्थिंग यांवर खर्च आधी करावा. बऱ्याच जुन्या घरांत अर्थिंगची तारच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियन काकांना बोलावून ती तपासून घ्यावी. हे कॉम्प्युटर नसला तरी करण्यासारखे काम आहे.

घरातल्या मोठ्यांसाठी दोन शब्द

मुलांनी विचारले तर लगेच "नको" म्हणू नका, आणि लगेच "कर" असेही म्हणू नका. वही मागा. खोली किती, प्रोसेसर किती, कोणत्या तारखेला, हे लिहिलेले असेल तर मुलगा किंवा मुलगी नीट काम करते आहे असे समजा. या निमित्ताने ओमचा नियम, उष्णतेचे वहन, बाष्पीभवन, दवबिंदू हे शाळेच्या पुस्तकातले सगळे धडे हातात येतात. घरात मशीन एकच असेल आणि त्यावर दुकानाचे हिशेब असतील, तर मात्र व्होल्टेज कमी करण्याच्या मार्गावरच थांबावे. दुसरे जुने मशीन पडून असेल तर प्रयोग त्याच्यावर होऊ द्या.

तुमच्या घरी जानेवारीत आणि मे महिन्यात किती आकडे येतात, ते खोलीच्या तापमानासह मंडळाकडे लिहून पाठवा. वारासिवनी, कटंगी, बैहर, मलाजखंड, सगळीकडची हवा थोडी थोडी वेगळी. दहा-पंधरा घरांचे आकडे जमले, तर पुढच्या उन्हाळ्याआधी आपल्याच जिल्ह्याचा एक तक्ता या पानावर देता येईल, आणि नवीन मशीन जोडणाऱ्या मुलांना परक्या गावाच्या आकड्यांवर अवलंबून राहावे लागणार नाही.

सर्व सभासद कुटुंबांना उन्हाळा सुखाचा जावो. माठ भरलेला ठेवा आणि पात्या साफ ठेवा.